विमानाचा पंख छतावर का असतो? (आणि लष्कराला वेगळं मालवाहू विमान हवंच कशाला?)

उलवेकर | १३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ तारखेला, नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं. हवाई दलाचं सी-२९५. आमच्या इमारतीच्या गच्चीवर निम्मी सोसायटी जमली होती. त्यानंतर सुखोई येऊन गेलं, त्याच्या आवाजाने मुलं नाचली, पण माझ्या आठ वर्षांच्या लेकीची नजर त्या आधीच्या विमानावरच होती. तिने दोन प्रश्न विचारले. "बाबा, याचे पंख डोक्यावर का आहेत? आपण गोव्याला गेलो त्या विमानाचे तर खाली होते." आणि "याचं पोट जमिनीला टेकेल ना?"

मला उत्तर देता आलं नाही. काल ऑफिसात विषय काढला, तर एक सहकारी म्हणाले की हा सगळा खर्चच अनावश्यक आहे. प्रवासी कंपन्या जुनी विमानं काढून टाकतात, ती स्वस्तात घ्यावीत, खुर्च्या काढाव्यात, माल भरावा. ५६ विमानांना २१,९३५ कोटी कशाला?

तेही मला खोडता आलं नाही. इथे जाणकार आहेत. खरंच असं करता येणार नाही का? आणि पंखांचं काय?

---

जयू_बोरिवली | १३ ऑक्टोबर

मस्त प्रश्न. बसले आहे वाचायला.

---

मालधक्का | १३ ऑक्टोबर

मी सतरा वर्षं विमानतळावर कार्गोत काम करतो, त्यामुळे उडण्यातलं कळत नाही, पण भरण्यातलं कळतं. तुमच्या सहकाऱ्यांना एकच विचारा. माल वर चढवणार कसा?

७४७ मालवाहूचा मुख्य मजला जमिनीपासून साधारण १६ फुटांवर असतो. तिथे माल पोचवायला हाय-लोडर, म्हणजे माल वर उचलणारी यंत्रगाडी, लागतो. तो बिघडला की विमान उभं, आम्ही उभे, माल उन्हात. ७३७ बुटकं, पण त्याचाही दरवाजा नऊ फुटांच्या आसपास. शिवाय हे दरवाजे बाजूला असतात. माल आत ढकलायचा आणि मग काटकोनात वळवायचा. चाळीच्या जिन्यातून लोखंडी कपाट नेलंय कुणी? तसंच. लांब नग वळतच नाही. ७४७चं नाक उघडतं, म्हणून लांब माल सरळ जातो, पण १६ फूट उंची काही कमी होत नाही.

आता ते विमान अशा ठिकाणी उतरवा जिथे हाय-लोडर नाही, फोर्कलिफ्ट नाही, विमान उभं करायला पक्की जागाही नाही. माल आतच राहील.

लेकीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पोट जमिनीजवळ ठेवलंय कारण ट्रकचा हौदा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. सी-१३०चा तळ जमिनीपासून जेमतेम एक मीटर आहे. ट्रक मागे लावा आणि माल सरकवा.

---

ऋचा_एरो | १३ ऑक्टोबर

मालधक्का यांनी मुळालाच हात घातलाय. मी विमानांच्या रचनेवर काम करते (नागरी, लष्करी नाही), तर पुढचं जोडते.

एकदा ठरवलं की तळ जमिनीलगत हवा, की बाकी विमान जवळजवळ आपोआप ठरत जातं. पोट खाली आलं, मग पंख खाली ठेवले तर एंजिनं किंवा त्यांचे फिरणारे पंखे जमिनीला घासतील. म्हणून पंख वर. पंख वर गेला की त्याचा मधला जाडजूड भाग मालाच्या खोलीत आडवा येत नाही, तो छतावरून जातो. प्रवासी विमानात हाच भाग पायाखालून जातो, म्हणून तिथे तळ उंच ठेवावा लागतो.

पंख वर, तर चाकं कुठे बसवायची? पंखात बसवली तर पाय बगळ्यासारखे लांब होतील. म्हणून ती धडाच्या दोन्ही बाजूंना, गालफुगीसारख्या फुगवट्यांत बसवतात. गच्चीवरून नीट पाहिलं असेल तर पोटाच्या कडेला ते फुगवटे दिसले असतील.

मागचा भाग वर उचललेला, कारण तिथून रॅम्प, म्हणजे माल चढवायचा उतार, खाली पडायला हवा. त्या वर वळलेल्या बुडामुळे हवेचा अडथळा वाढतो आणि इंधन जास्त जातं. हा तोटा जाणूनबुजून पत्करलेला असतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सी-१७ किंवा आयएल-७६ ही मोठी मालवाहू जेट समोरून पाहा, पंखांची टोकं खाली झुकलेली दिसतील. गरुडाने पंख सैल सोडावेत तशी. पंख वर असला की धड त्याखाली लंबकासारखं लटकतं, म्हणून विमान स्थिर राहतं, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. तो गैरसमज आहे. विमान एका बाजूला कललं की ते त्या बाजूला घसरू लागतं, आणि धडाभोवतून वळणारी हवा खालच्या बाजूच्या पंखाला वर उचलते. पंख मागे वळवलेले असले की हा परिणाम आणखी वाढतो. दोन्ही एकत्र आले की स्थिरता गरजेपेक्षा जास्त होते आणि विमान डुलत चालायला लागतं. म्हणून टोकं खाली झुकवून ती थोडी कमी करतात. सी-२९५चे पंख सरळ आहेत, तिथे हे झुकवणं लागत नाही.

---

शंकासुर | १४ ऑक्टोबर

माहिती उत्तम, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या सहकाऱ्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, मी मांडतो.

हवाई दल रोज काय वाहतं? रणगाडे नव्हे. जवान, शिधा, औषधं, सुटे भाग, टपाल. जवान हे स्वतःच्या पायांनी जिना चढणारं सामान आहे, त्यांना रॅम्प लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये गृह मंत्रालयाने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांना दिल्ली-श्रीनगर मार्गावर प्रवासी विमानांनी जायची मुभा दिलीच ना? १९९० साली कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय आणले, ते मुख्यतः एअर इंडियाच्या विमानांनी. अमेरिकेतही नागरी विमान कंपन्यांशी करार असतो आणि गरज पडली की लष्कर त्यांची विमानं मागवतं.

आणि इतिहास बघा. २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला पहिली शीख पलटण कशातून उतरली? डाकोटातून. डाकोटा म्हणजे मुळात डीसी-३, प्रवासी विमान. त्या दिवसांत नागरी कंपन्यांची डाकोटाही ताब्यात घेतली होती. काश्मीर ज्यांनी वाचवला ती प्रवासी विमानंच होती.

---

इतिहासवेडी | १४ ऑक्टोबर

शंकासुर, डाकोटाचं नाव काढलंत, आता मला थांबवू नका.

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर. जन्माने ते प्रवासी विमान, पण लष्करी सी-४७ करताना त्याचा तळ मजबूत केला, बाजूचा दरवाजा मोठा केला. तरी एक दोष राहिलाच. त्याचं तिसरं चाक शेपटाखाली. उभं असताना विमान नाक वर करून बसतं, आतला तळ उताराचा. पिंप आत न्यायचं म्हणजे चढावर ढकलायचं आणि घसरण्याआधी बांधायचं. १९४८-४९ साली रस्ते अडवलेल्या बर्लिनला विमानांनी कोळसा आणि पीठ पोचवताना हाच प्रश्न आला. सुरुवात सी-४७नी झाली, पण लवकरच त्यांच्या जागी सपाट तळाची, चार एंजिनांची सी-५४ आणावी लागली.

म्हणजे डाकोटाने काश्मीर वाचवला हे खरं, आणि ते त्याच्या रचनेच्या मर्यादा सोसून वाचवला हेही खरं. २४ मे १९४८ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला डाकोटा उतरवलं, शेजारी मेजर जनरल थिमय्या. साडेदहा हजार फुटांवरची वाळूची धावपट्टी, वाटेत त्याहून कितीतरी उंच डोंगर आणि विमानात हवेचा दाब राखायची सोय नाही. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

टांगाइलचं उद्या लिहिते. ते मराठी माणसांनी वाचायलाच हवं.

---

जयू_बोरिवली | १४ ऑक्टोबर

"जवान हे स्वतःच्या पायांनी जिना चढणारं सामान" 😄 माझा भाऊ फौजेत आहे, त्याला पाठवते.

---

निवृत्त_सार्जंट | १४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातला आहे. हवाई दलात तंत्रज्ञ होतो, त्यातली बरीच वर्षं एएन-३२ या मालवाहू विमानावर. नातवाने हा धागा दाखवला.

शंकासुर साहेब, जवान पायांनी चढतो हे खरं. पण परत येताना तो कधी कधी स्ट्रेचरवर येतो. स्ट्रेचर जिन्यावरून वाकडंतिकडं करत न्यायचं आणि रॅम्पवरून सपाट न्यायचं यातला फरक मी पाहिलाय. एवढंच सांगतो.

एएन-३२चं सांगायचं तर त्याचं रॅम्प दोन तऱ्हेने उघडतं. एक, खाली पडून उतार होतो, जीप चढते. दुसरं, ते पूर्ण पोटाखाली सरकतं आणि मागचं तोंड मोकळं होतं. मग थ्री-टन गाडी उलटी घ्यायची, हौदा थेट विमानाच्या तळाला भिडवायचा. आत छताला उचलायची यारी आहे. बाहेरून कुणाची मदत लागत नाही.

त्याची एंजिनं पंखाच्या वर का बसवलीत, हे कुणी विचारलं नाही. आधीच्या एएन-२६ला एंजिन २,८०० अश्वशक्तीचं होतं. आपल्याकडची उष्णता आणि आपले डोंगर बघून एएन-३२ला पाच हजारांच्या वरचं दिलं. एंजिन मोठं, तर त्याचा फिरणारा पंखाही मोठा, पावणेपाच मीटर व्यासाचा. तो धडाला आणि जमिनीला लागू नये म्हणून एंजिनच वर उचललं. १९८४ पासून शंभरहून जास्त घेतली आपण.

लेहची वारी पहाटे असायची. ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते आणि वाराही सुटतो, मग तेच विमान कमी वजन उचलतं. सकाळी जे नेता येतं ते दुपारी नेता येत नाही. थंडीत तिथे एंजिन बंद करायचं नाही. पंखे फिरत असतानाच मागून माल उतरायचा, परतीचे लोक चढायचे. प्रवासी विमानाला बाजूने जिना लावून, खालच्या कप्प्यातून वाकून पेट्या काढत बसलो असतो तर सूर्य माथ्यावर आला असता.

---

उलवेकर | १४ ऑक्टोबर

सार्जंटकाका, तुमचा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. तिने रॅम्प पोटाखाली सरकतो त्याचं चित्र काढायला घेतलंय.

---

वऱ्हाडी_ठेचा | १५ ऑक्टोबर

अरे बाप्पा, गजराजचं नावच कोणी घेत नाही! आम्ही नागपूरवाले. सोनेगावला आयएल-७६, म्हणजेच गजराज, असायचे तेव्हा वर्धा रोडवरून जाताना मान वर करून पाहत राहायचो. हनुवटीला काच, त्यात नेव्हिगेटर बसते म्हणून मोठा भाऊ सांगे. आणि चाकं मोजायचा खेळ. कधीच पुरी मोजता आली नाही. मग मोठेपणी वाचलं, वीस हायेत. समोर चार, मागं सोळा.

एवढी चाकं कायले लागते, ते ऋचाताईंनी सांगावं.

---

ऋचा_एरो | १५ ऑक्टोबर

@वऱ्हाडी_ठेचा, उंटाचा पाय आठवा. वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरलं तर जमीन खचत नाही. जास्त चाकं, आणि टायरमध्ये हवा तुलनेने कमी. प्रवासी जेटचे टायर कडक भरलेले असतात, त्यांना पक्की धावपट्टीच लागते. शिवाय ७३७चं एंजिन जमिनीच्या इतकं जवळ असतं की मुरमाच्या पट्टीवर ते खडे ओढून घेईल.

सी-१७चं याहून पुढचं आहे. त्याची चारही एंजिनं उलटा जोर लावतात तेव्हा झोत खाली न जाता वर आणि पुढे जातो. धूळ उडत नाही, शेजारी माणसं काम करू शकतात आणि विमान स्वतःच्या बळावर मागे सरकू शकतं. उतरताना एंजिनांचा झोत थेट फ्लॅपवर, म्हणजे पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांवर, सोडतात, म्हणून एवढं ७७ टन उचलणारं धूड लहान पट्टीवर हळू येऊन उतरतं.

---

इतिहासवेडी | १५ ऑक्टोबर

कबूल केलेलं टांगाइल.

११ डिसेंबर १९७१, दुपार. एएन-१२, पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू अशी चार पिढ्यांची, चार घराण्यांची सुमारे पन्नास विमानं पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ शिरली आणि त्यांतून दुसरी पॅरा बटालियन छत्र्यांनी उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण, म्हणून तिच्या नावापुढे आजही मराठा लावतात. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल पन्नू यांचं. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पुंगली पुलाशी अडवायची, हे काम. ते केलं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरलेल्यांत हीच पलटण होती.

आता रचनेकडे येते, नाहीतर विषयांतर म्हणाल. पॅकेटचे मागचे दरवाजे दोन कवाडांसारखे होते. ते हवेत उघडता यायचे नाहीत. मोठं सामान टाकायचं तर कवाडं जमिनीवरच काढून ठेवायची आणि मागचं भोक उघडं ठेवून उडायचं. एएन-१२ला मात्र हवेत उघडणारं तोंड होतं. त्याच युद्धात ४४ स्क्वाड्रनने एएन-१२मध्ये बॉम्ब भरले आणि रात्री मागच्या दारातून खाली लोटून दिले. मालवाहू विमानांनी बॉम्बफेकी केली! त्या तुकडीचे विंग कमांडर वशिष्ठ यांना महावीरचक्र मिळालं.

आणि अजून एक. पॅकेटला डोंगरात ताकद कमी पडे, म्हणून आपल्या लोकांनी त्याच्या पाठीवर एक जास्तीचं जेट एंजिन बसवलं. तसलं पॅकेट २३ जुलै १९६२ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची साडेसोळा हजार फुटांच्या वर. पुढे २००८ला तिथे एएन-३२ गेलं आणि २० ऑगस्ट २०१३ला सी-१३०जे. राजेंचं नाव आपल्या शाळांमधल्या किती मुलांना माहीत असेल?

---

मालधक्का | १५ ऑक्टोबर

इतिहासवेडी, 👌👌

बांधण्याविषयी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माल भरणं सोपं, बांधणं कठीण. २९ एप्रिल २०१३ला अफगाणिस्तानात बगराममधून एक नागरी ७४७ मालवाहू उडालं. आत पाच चिलखती गाड्या. उड्डाणाच्या वेळी मागची गाडी सुटली, मागे सरकली, शेपटाकडचं नियंत्रण तोडून गेली. नाक वर, आणि विमान खाली. सातही जण गेले. आमच्या प्रशिक्षणात ते दृश्य दाखवतात तेव्हा खोलीत कुणी बोलत नाही.

गाडी म्हणजे पेटी नव्हे. तिचं सगळं वजन चार-सहा ठिकाणी टेकतं आणि ती स्प्रिंगवर हलते. लष्करी विमानाच्या तळात त्यासाठी ओळीने मजबूत कड्या असतात, साखळ्या असतात आणि हेच काम शिकलेला माणूस असतो.

---

निवृत्त_सार्जंट | १५ ऑक्टोबर

मालधक्का, बरोबर बोललात. त्या माणसाला आमच्यात लोडमास्टर म्हणतात. कुठली पेटी कुठे, हे तो ठरवतो. विमान म्हणजे तराजू. वजन किती आहे एवढंच पाहून भागत नाही, ते कुठे आहे तेही पाहावं लागतं.

हवेतून माल टाकताना तर हा तराजू क्षणाक्षणाला हलतो. पुढच्या चौक्यांना टाकायचा माल, म्हणजे रॉकेल, पीठ, डबे. आत एएससीचे, म्हणजे लष्कराच्या पुरवठा दलाचे, गडी असतात, कमरेला पट्टा बांधलेला, तोंडाला ऑक्सिजन. रॅम्प उघडलं की आत आवाज एवढा की शेजारच्याशी खुणेने बोलायचं. हिरवा दिवा, घंटा, आणि ढकल. माल मागे सरकतो तसं नाक वर जाऊ पाहतं, पायलट ते दाबून धरतो. माल सुटला की विमान एकदम हलकं होऊन वर उसळतं. खाली टाकायची जागा म्हणजे बर्फातला एक तुकडा. चुकली तर माल दरीत, आणि खालचा जवान रात्रभर गारठणार.

---

शंकासुर | १६ ऑक्टोबर

वाचतोय. हवेतून टाकण्याचा मुद्दा मान्य, ते प्रवासी विमानातून होणारच नाही. तळाची उंचीही मान्य.

पण मग प्रश्न बदलून विचारतो. शांततेच्या काळात, पक्क्या धावपट्टीवरून पक्क्या धावपट्टीवर जाताना तरी या विमानांचा खास उपयोग आहे का? की वर्षातून चार दिवसांसाठी आपण महाग हत्ती पाळतो?

---

मालधक्का | १६ ऑक्टोबर

एप्रिल २०२१ आठवा.

ऑक्सिजनचे टँकर. राज्याराज्यांत ऑक्सिजन संपत होता आणि कारखाने शेकडो किलोमीटर लांब. २४ एप्रिलला सी-१७ पुण्याला आलं, दोन रिकामे क्रायोजेनिक टँकर ट्रकसकट आत घेतले आणि जामनगरला नेले. भरलेला टँकर हवेत न्यायचा नसतो, धोका असतो. म्हणून जाताना रिकामा विमानाने, येताना भरलेला रस्त्याने किंवा रेल्वेने. एका बाजूचे दिवस वाचले.

पुणे काय, जामनगर काय, दोन्हीकडे पक्की धावपट्टी आहे, दोन्हीकडे लोडर मिळाले असते. पण ट्रक चालवत आत न्यायचा असेल तर मागून उघडणारं, जमिनीलगतचं तोंडच लागतं. मी त्या दिवसांत कामावर होतो. माझे वडील त्याच महिन्यात ऑक्सिजनवर होते. वाचले. म्हणून मला हे महाग हत्ती वगैरे ऐकवत नाही, राग मानू नका.

---

शंकासुर | १६ ऑक्टोबर

राग कसला. शब्द मागे घेतो. वडिलांना नमस्कार सांगा.

---

वऱ्हाडी_ठेचा | १६ ऑक्टोबर

मालधक्का भाऊ, 🙏

गजराजचंही ऐका. नोव्हेंबर १९८८, मालदीवमध्ये बंड झालं. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून पॅराचे जवान घेऊन आयएल-७६ निघाले. दोन हजार किलोमीटरच्या वर, न थांबता, समुद्रावरून, हुलहुलेच्या बेटावरच्या धावपट्टीवर अंधारात. आणि अलीकडं, नोव्हेंबर २०२२ले, गगनयानाच्या छत्र्या उघडते का पाहाले झाशीजवळ बबिन्याले पाच टनाचं वजन अडीच किलोमीटरवरून टाकलं, तेही गजराजातूनच. अंतराळात जाणाऱ्यांची छत्रीही आमच्या गजराजानंच तपासली!

---

कोल्हापुरी_पायताण | १७ ऑक्टोबर

सगळे कौतुकच करताय म्हणून विचारतो. हे अपघात? एएन-३२चे तर किती झाले.

---

निवृत्त_सार्जंट | १७ ऑक्टोबर

विचारणं बरोबर आहे.

२२ जुलै २०१६, तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२. २९ जण. साडेसात वर्षं काही सापडलं नाही. यंदा जानेवारीत समुद्राच्या तळाशी, ३,४०० मीटर खोल, अवशेष दिसले. ३ जून २०१९, जोरहाटहून मेचुकाला जाणारं. १३ जण. त्याआधीचं, ७ फेब्रुवारी १९६८, चंदीगड-लेह एएन-१२, १०२ जण, रोहतांगच्या बाजूला. २००३ला पहिल्यांदा अवशेष मिळाले. गेल्या महिन्यात, सप्टेंबरात, बर्फातून चौघांचे देह मिळाले. ५६ वर्षांनी.

लढाऊ विमान पडलं तर बातमी मोठी होते. आमच्या विमानात एका वेळी तीस-तीस घरं बसलेली असतात. डोंगरातल्या दरीत हवामान बदललं की वळायला जागा नसते. विमान कितीही चांगलं असलं तरी दरी रुंद होत नाही.

---

जयू_बोरिवली | १७ ऑक्टोबर

🙏🙏

---

संपादक | १८ ऑक्टोबर

धागा सुंदर चाललाय. एक विनंती, सध्याच्या तैनातीविषयी, कोणतं विमान आता कुठे आहे याविषयी लिहू नये. तसे दोन प्रतिसाद काढले आहेत.

---

ऋचा_एरो | २९ ऑक्टोबर

धागा वर काढतेय, कारण काल वसुबारसेला वडोदऱ्यात सी-२९५च्या कारखान्याचं उद्घाटन झालं. ५६पैकी १६ स्पेनहून येणार, ४० इथे बनणार. ती हवाई दलाच्या जुन्या अॅवरो विमानांची जागा घेतील. अॅवरोला मागचं रॅम्पच नव्हतं, बाजूचा दरवाजा होता. म्हणजे उलवेकरांच्या सहकाऱ्यांची कल्पना हवाई दलाने साठ वर्षं वापरून पाहिलेली आहे! अॅवरोने पुष्कळ सेवा केली, पण त्यात गाडी घालता आली नाही आणि हवेतून मोठं काही टाकता आलं नाही. सी-२९५ सुमारे ९ टन किंवा ७१ जवान नेतं, आणि मागून उघडतं.

आता खरी उत्सुकता पुढच्या खरेदीची. एएन-३२ म्हातारी झाली आहेत. १८ ते ३० टनांच्या वर्गात काय घ्यायचं यावर विचार चालू आहे. ब्राझीलचं सी-३९०, युरोपचं ए-४००एम, अमेरिकेचं सी-१३०जे. सी-३९०ला जेट एंजिनं आहेत, ते वेगवान. बाकी दोघांना पंखे. पंख्यांचा वारा थेट पंखावरून वाहतो, म्हणून लहान पट्टीवर त्यांचा फायदा असतो. माझं मत पंख्यांच्या बाजूने.

---

शंकासुर | २९ ऑक्टोबर

माझं जेटच्या बाजूने, आणि या वेळी खोडण्यासाठी म्हणून नाही. सामान लवकर पोचलं तर तेच विमान दिवसात जास्त फेऱ्या मारेल. शिवाय सी-३९०ची जेट एंजिनं उंच पंखाखाली आहेत, ७३७सारखी जमिनीला चिकटलेली नाहीत. म्हणजे तुमच्याच तर्काने ते कच्च्या पट्टीला चालावं.

---

ऋचा_एरो | २९ ऑक्टोबर

माझंच शस्त्र माझ्यावर! मुद्दा बरोबर आहे. पण सुदानमधून आपली माणसं आणली ते आठवा. एप्रिल २०२३ला वादी सय्यिदनाला सी-१३०जे रात्री उतरलं. पट्टी खराब, उतरायचे दिवे नाहीत, इंधन नाही. वैमानिकांनी रात्री दिसणारे चष्मे लावले, एंजिनं चालूच ठेवली आणि १२१ जणांना घेऊन ते परत उडालं. हे जमलेलं, सिद्ध झालेलं आहे. मला त्याच जातीचं विमान हवं.

---

उलवेकर | ३० ऑक्टोबर

सगळ्यांना शुभ दीपावली. हा धागा छापून ऑफिसात त्या सहकाऱ्यांना दिला. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पूर्ण वाचला आणि टँकरच्या प्रतिसादापाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "माणसं नेण्याबद्दल शंकासुरांशी मी सहमत आहे, बाकी माझं चुकलं."

घरी किल्ला करतोय. या वर्षी पायथ्याशी धावपट्टी आहे, लाल मातीची. लेकीने बुटांच्या खोक्याचं विमान केलंय. पंख वर, पोट खाली, मागे रॅम्प. पहिल्यांदा तिने पंख खाली लावले होते, तेव्हा खेळण्यातला ट्रक चढेना, म्हणून तिनेच ते काढून वर चिकटवले. चाकांना बटणं लावली आहेत. वीस हवीत म्हणते, घरात चौदाच सापडली.

तिचा सार्जंटकाकांना एक प्रश्न आहे. हवेत रॅम्प उघडलं की आतल्या माणसांना थंडी वाजत नाही का?

---

वऱ्हाडी_ठेचा | ३० ऑक्टोबर

सहा बटणं नागपूरहून कुरियर करतो. गजराज पुरा झाला पाहिजे.

---

निवृत्त_सार्जंट | ३१ ऑक्टोबर

बाळा, खूप वाजते. दोन-दोन हातमोजे घालतात, तरी बोटं लाकडासारखी होतात. माल टाकून झाला, रॅम्प बंद झालं की सगळे हात काखेत घालून बसतात आणि थर्मासमधला चहा फिरतो. पहिला कप ढकलणाऱ्या गड्यांना. तुझ्या विमानात एक थर्मास ठेव.